मी वाचवलेला वर्ग

४ सप्टेंबर
ठरलं. उद्यापासून मी शाळेत जाते. एकतीस वर्षं लायसन्स ऑफिसच्या काउंटरवर आणि ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेण्यात काढली, मग ह्यांचं आजारपण काढलं. आता थोडं स्वतःसाठी.

हायस्कूलने चर्चच्या फलकावर सूचना लावली आहे. गावातल्या ज्येष्ठांनी बारावीच्या वर्गात येऊन बसावं, मुलांबरोबर शिकावं. विषय ह्युमॅनिटीज. म्हणजे इतिहास, साहित्य, चित्रं, विचार, सगळं एका ताटात. अख्ख्या बंदरगावातून नाव दिलं ते मी एकटीने. बाकीच्यांना पत्ते कुटायचे असतात.

शाळा म्हणजे आमचंच कॉन्व्हेंट. नन्स गेल्या, सरकार आलं, भिंतींना पिवळा रंग आला. जिना मात्र तोच.

हेतू उदात्त आहे. ह्या विषयाला मुलं मिळत नाहीत. जानेवारीत पुढच्या सहामाहीची नावं घेतात. तेव्हा बारा भरली नाहीत तर ह्युमॅनिटीज बंद आणि त्या तासाला वेल्डिंग. वेल्डिंगबद्दल मला आदर आहे. पण अख्खं न्यूफाउंडलंड वेल्डिंग करायला लागलं तर विचार कोण करणार? माझ्यासारखी बाई वर्गात बसली की विषयाला वजन येईल.

संकल्प: रोज एक तास वाचन. नम्रता. लॉरेटाला काही सांगायचं नाही.

४ सप्टेंबर, रात्री जेवणानंतर
लॉरेटाला कळलं. माझी नणंद, शेजारच्या घरात राहते, दार वाजवायची पद्धत तिला माहीत नाही. तिची नात कीरा त्याच वर्गात आहे. लॉरेटा म्हणाली, वहिनी, डबा काय देऊ? नाक पुसायला रुमाल पिनेने लावून देऊ का? मी उत्तर दिलं नाही. नम्रतेची सुरुवात झाली.

५ सप्टेंबर
अप्रतिम दिवस.

शिक्षक स्नूक सर. तरुण, दाढी, कंत्राटावर. जूनपर्यंतच नोकरी, वर्ग टिकला तर पुढे. कोवळा माणूस, आधाराची गरज आहे. त्यांनी प्रश्न विचारला की माणूस घर कशाला म्हणतो. मुलं गप्प. मग मी बोलले. ग्रीकांपासून सुरुवात करून रोमपर्यंत आले तोच घंटा झाली.

पूर्ण वेळ एकही मूल चकार शब्द बोललं नाही. ब्रोडी फ्यूअर नावाचा हॉकी खेळणारा मोठा मुलगा तर डोळे मिटून ऐकत होता. सर म्हणाले, मिसेस कीली, बरंच काही आलं हो त्यात.

१२ सप्टेंबर
पहिल्या बाकावर बसते. मागच्या बाकावरून शिस्त दिसत नाही.

आज कीराला पूर्ण वाक्यात बोलायला लावलं. पोरगी म्हणाली, मला वाटतं की तसं नाही. मी म्हटलं, कसं नाही? कर्ता कुठे? क्रियापद कुठे? तिला मग काय वाटतं ते आठवेना. म्हणजे वाटतच नव्हतं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर अल्फॉन्सस हेच म्हणायच्या.

वाचन झालं नाही. आज धुकं दाट होतं, डोळ्यांना ताण पडतो.

२१ सप्टेंबर
सरांची एक विचित्र कल्पना. सहामाहीचा प्रकल्प म्हणे स्थलांतर. सरकारने बेटांवरची गावं उठवून इथल्या किनाऱ्यावर आणली, ती हकिगत. लोकांनी घरंच्या घरं पाण्यावर तरंगवत आणली, हे त्यांना कुठून तरी कळलंय. कुठून तरी म्हणजे लॉरेटाकडून. मी नऊ वर्षांची असताना आमचं घर असंच आलं, हेही तिने सांगून ठेवलंय. सरांनी विचारलं की मिसेस कीली, मुलांना सांगाल का? तुम्ही तर प्रत्यक्ष पाहिलंय.

मी स्पष्ट नकार दिला. ह्युमॅनिटीज म्हणजे माणसाने केलेलं सर्वोत्तम काम. संगमरवर. छतांवरची चित्रं. पिंपांवर तरंगणारं लाकडी घर म्हणजे ह्युमॅनिटीज नव्हे, ती गरिबी. सरांनी दाढी खाजवली. मी त्याऐवजी ग्रीक खांबांचे प्रकार समजावते म्हटलं. ते म्हणाले, बरं.

खांबांना दोन दिवस लागतील.

३ ऑक्टोबर
दोन मुलींनी विषय बदलला. एकीने फिजिक्स घेतलं, एकीने स्वयंपाक. ह्या पिढीत दम नाही. चौदा होती, बारा उरली. बारा पुरतात. चिंता नाही.

८ ऑक्टोबर, थँक्सगिव्हिंग
लॉरेटाकडे जेवण. टर्की कोरडी होती, मी बोलले नाही. सलगम कच्चा होता, एवढंच बोलले.

टेबलावर कीरा म्हणाली, मामीआजी, आता वर्गात कोणी बोलतच नाही. मी म्हटलं, बाळा, त्याला आदर म्हणतात. आमच्या काळी टाचणी पडली तरी ऐकू यायची. कीरा सलगमाकडे बघत बसली. लॉरेटा मध्येच म्हणाली, वहिनी, बर्फात ठेवलेला कॉड मासापण गप्पच असतो, तो काय तुमचा आदर करतो? सगळे हसले. टर्की कोरडी असली की लोकांना विनोद सुचतात.

संकल्प: लॉरेटाकडे जेवायला जाणं कमी करायचं. (ती ॲपल पाय पाठवते, ती घ्यायची. अन्नाचा अपमान नको.)

२ नोव्हेंबर
निबंध परत मिळाला. विषय घर. मी चार पानं लिहिली होती, समासासह. अथेन्स, रोम, मठ, राजवाडे. सरांनी खाली लाल शाईत विचारलंय की मांडणी सुंदर आहे, पण ह्यात तुम्ही कुठे आहात?

तासानंतर गेले विचारायला. म्हटलं, मी वर उजव्या कोपऱ्यात आहे, नाव आणि तारीख. सर हसले. मी हसले नाही. सिस्टर अल्फॉन्ससनी असला प्रश्न कधी केला नसता. मी कुठे आहे हे त्यांना पक्कं माहीत असायचं. तिसरा बाक, खिडकीच्या बाजूला.

बेटावरून आल्यावर पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या वर्गात आमच्या घराबद्दल काहीतरी सांगायला उठले होते. आमच्या बेटाच्या बोलीत. सिस्टरनी फळ्याजवळ उभं केलं, ते वाक्य सुधारून येईपर्यंत. दुपार झाली. मुली डबे खात होत्या. वाक्य काय होतं ते आता आठवत नाही, पण नंतर मी परत कधी ते सांगायला उठले नाही. शिस्त अशी लागते. म्हणून तर मी आज नीट बोलते.

२० नोव्हेंबर
नऊ मुलं. ब्रोडी फ्यूअरपण गेला. हॉकीचा सराव वाढला म्हणे. सराव संध्याकाळी असतो आणि आमचा तास सकाळी, पण खेळाडूंना घड्याळ कळत नाही.

आज सर मुद्दाम मागे थांबले. खूप आढेवेढे घेत म्हणाले की मिसेस कीली, रस्त्यावर बर्फ आहे, तुमचा गुडघा आहे, तुम्ही फक्त शुक्रवारी आलात तर? मुलांनाही जरा मोकळं होता येईल. मला गहिवरून आलं. इतक्या अडचणीत हा मुलगा माझ्या गुडघ्याचा विचार करतो. मी सांगितलं, काळजी करू नका, बुटांना खिळे ठोकून घेतलेत, मी एकही तास बुडवणार नाही. त्यांनी दोन्ही हातांत डोकं धरलं. नोकरीचं टेन्शन. म्हटलं, स्नूक सर, हा वर्ग मी वाचवणार.

आता नुसतं बसून चालणार नाही. मोहीम काढायची. गेलेल्या प्रत्येक मुलाच्या आईला फोन.

२८ नोव्हेंबर
फोन केले. ऑफिसचा आवाज अजून शाबूत आहे. एकेकीला विचारलं, तुमच्या मुलाला माणूस करायचंय की नुसताच वाढवायचाय? ब्रोडीची आई म्हणाली, मिसेस कीली, तुम्ही मला तीन वेळा ड्रायव्हिंगला नापास केलं होतंत, आठवतंय? आठवतंय. उलट्या बाजूने येत होती.

निकाल: आणखी दोन मुलं गेली. तीही ज्यांच्या घरी फोन केलाच नव्हता. हे कसं झालं कळत नाही. आया एकमेकींना भेटतात, तिथे काहीतरी विष कालवलं जात असावं.

७ डिसेंबर
सात मुलं आणि मी. वर्गात बोलायला भरपूर वेळ मिळतो.

सर मात्र खंगलेत. आज खिडकीतून समुद्राकडे बघत होते, मी रोमन रस्त्यांवर बोलत असताना. ते म्हणाले, त्यांच्या बायकोला कॅनडाच्या मुख्य भूमीवर अल्बर्टामध्ये काम मिळतंय, वर्ग बंद झाला तर जावं लागेल, पण त्यांना इथंच राहायचंय, त्यांच्या आजोबांचं घरसुद्धा असंच तरंगत आलं होतं. मी म्हटलं, होईल सगळं ठीक. आणि रस्त्यांकडे परत वळले.

२९ डिसेंबर
आज सोंगं आली!

वेष पालटून घरोघर फिरणारी ही सोंगं ह्यांच्या जाण्यानंतर माझ्या दारात आली नव्हती. ख्रिसमसनंतरच्या ह्या दिवसांत ज्या घरी सोंगं येत नाहीत ते घर गावाने मोजायचं सोडलेलं असतं, असं माझी आई म्हणायची. म्हणून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. पाच-सहा जण होते. तोंडावर उशांचे अभ्रे आणि पडद्याची जाळी, पोटाला उशा, कोट उलटे, एकाने आईची ब्रेसिअर कोटावरून घातलेली. श्वास आत ओढत त्या घोगऱ्या आवाजात बोलत होते, ओळखू येऊ नये म्हणून. लॉरेटा मागोमाग आली, केक कापायला म्हणे. मी लाल सरबत काढलं, रम काढली.

एक सोंग फारच छान होतं. उंचापुरा गडी, हिरवं कार्डिगन, गळ्यात साखळीला चष्मा, केसांचा अंबाडा, हातात लाकडी पट्टी. आला तो थेट माझ्या टेबलापाशी, पट्टी आपटली आणि श्वास आत ओढत किंचाळला, पूर्ण वाक्यात बोला! कर्ता कुठे? क्रियापद कुठे? मग एका सोंगाला सरळ बसवलं. दुसऱ्याला खांब मोजायला लावले. बाकीचे जमिनीवर लोळायला लागले. लॉरेटाच्या हातातली सुरी खाली पडली. मीसुद्धा डोळे पुसेपर्यंत हसले. इतकी हुबेहूब नक्कल!

लॉरेटाने विचारलं, वहिनी, ओळखलंत का कोण ते? मी म्हटलं, म्हणजे काय, बघताक्षणी. सिस्टर अल्फॉन्सस!

 मग जो काही हशा उसळला, कपाटातल्या बश्या वाजल्या. तो मुलगा पट्टी तशीच वर धरून उभा राहिला. मी म्हटलं, आणि आत कोण तेही सांगते, एवढे मोठे बूट गावात एकाचेच, ब्रोडी फ्यूअर. ओळखलं की तोंड दाखवायचं, ह्या नियमाप्रमाणे अभ्रा काढावाच लागला. तोच होता. तोंड लाल झालेलं. मी त्याला केकचा मोठा तुकडा दिला आणि सांगितलं, तुझ्यात कला आहे, वर्गात परत ये. तो म्हणाला, हो मिसेस कीली. केक न खाताच गेला. मी तो कागदात बांधून दिला.

सगळे गेल्यावर लॉरेटा बश्या विसळत म्हणाली, वहिनी, सिस्टर अल्फॉन्सस वारल्या तेव्हा ह्या पोरांचे आईबापच शाळेत होते. त्यांनी कुठे पाहिलं सिस्टरना? मी म्हटलं, परंपरा अशीच पुढे जाते, कोणी तरी सांगत असतं. तिने बशी फडक्याने पुसली. म्हणाली, हो, कोणी तरी सांगत असतं खरं. मग म्हणाली, तुमचं हिरवं कार्डिगन मी आठवड्यासाठी नेलं होतं ना, उद्या धुऊन देते.

चांगला रंग आहे तो. सिस्टरना पण शोभला असता.

६ जानेवारी
सोंगांच्या रात्री दार सारखं उघडं राहिलं, छाती भरली. डॉक्टर म्हणाले, घरात राहा, तीन आठवडे तरी. मी म्हटलं, अशक्य, नावनोंदणीचा आठवडा आहे, माझ्याशिवाय वर्ग बुडेल. ते म्हणाले, तुम्ही गेलात तर तुम्ही बुडाल.

स्नूक सरांना निरोप धाडला. त्यांनी लगेच फोन केला. पूर्ण बरं होईपर्यंत येऊच नका म्हणाले, तीनदा. इतक्या आपुलकीने आजवर कोणी बोललं नव्हतं.

१० जानेवारी
खोकला. आपली घडण कशी झाली ह्यावर चिंतन करायचं ठरवलं होतं. झोप लागली.

१८ जानेवारी
सतरा!

लॉरेटा वाटाण्याचं सूप घेऊन आली आणि सांगितलं. नावनोंदणी संपली, ह्युमॅनिटीजला सतरा नावं. ब्रोडी परतलाय, गेलेल्या मुली परतल्यात, शिवाय नवी मुलं. वेल्डिंगचाच वर्ग रद्द होणार की काय अशी वेळ. स्नूक सरांनी म्हणे स्टाफरूममध्ये सगळ्यांना डोनट वाटले.

मी उशीला टेकून शांतपणे सूप प्यायले. बी पेरलं की लगेच उगवत नाही. माझे फोन, माझं बोलणं, सगळं आत मुरत होतं, आणि नेमकं मी अंथरुणात असताना वर आलं. मी लॉरेटाला तसं म्हटलं. ती म्हणाली, सूप गरम आहे तोवर प्या, वहिनी.

एक गोष्ट लक्षात आली. तिने ओठांना रंग लावला होता आणि चर्चचा कोट घातला होता. शुक्रवारी. विचारलं तर म्हणाली, शाळेत जरा काम आहे. कीराचं काहीतरी असेल.

३१ जानेवारी
डॉक्टरांनी परवानगी दिली. उद्या दुसऱ्या सहामाहीचा पहिला दिवस. सरांना आधी सांगितलं नाही, आश्चर्याचा धक्का द्यायचा.

तयारी: रोमच्या पतनाची कारणं, नऊ. हिरवं कार्डिगन इस्त्री केलं. नव्या मुलांपुढे पहिलं वाक्य काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. लवकर झोपणार.

१ फेब्रुवारी
शाळेत पोचायला उशीर झाला. रस्ता निसरडा. वर्गाचं दार बंद होतं. जिन्यावरूनच आवाज येत होता. मला वाटलं सर आलेले नाहीत, पोरं दंगा करताहेत. दाराच्या काचेतून पाहिलं.

सर होते, टेबलावर बसलेले, पाय हलवत. मुलं खुर्च्या ओढून गोल बसली होती. मध्ये लॉरेटा, चर्चच्या कोटात. आमचं घर बेटावरून कसं आलं ते सांगत होती. आमचं म्हणजे तिचं नव्हे, माझ्या बापाचं घर. म्हणाली, चुलीवर किटली तशीच होती, पुऱ्या खाडीत एक थेंब सांडला नाही. म्हणाली, आपले वडील वरच्या खिडकीत बसून अ‍ॅकॉर्डियन वाजवत होते. ब्रोडीने विचारलं, आणि तुला भीती नाही वाटली, लॉरेटा आजी? ही म्हणते, छे रे सोन्या, मी तर खिडकीतून हात घालून मासे धरत होते! हसू. मग कोणीतरी म्हणालं की सरकारने विचारलं तरी होतं का लोकांना. दुसरा म्हणाला, मतदान झालं होतं. कीरा ताडकन उठून म्हणाली, मतदान झालं म्हणून बरोबर होतं का, नको म्हणणाऱ्यांनी काय करायचं, एकट्याने बेटावर राहायचं? तीन जण एकदम बोलायला लागले. अर्धी वाक्यं. कर्ता नाही, काही नाही. स्नूक सर एकाचंही वाक्य दुरुस्त करत नव्हते. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

लॉरेटा तेव्हा बेटावरच्या शेजाऱ्यांची चार वर्षांची पोर होती. बोटीत गोधडीत गुंडाळून झोपली होती.

मी दार उघडलं. हे सांगायलाच.

सरांनी पाहिलं आणि टेबलावरून उतरले. मग एकेका मुलाने वळून पाहिलं. ब्रोडी पाठ ताठ करून बसला. कीराचा हात वर होता, तो तिने खाली घेतला.  टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

सर म्हणाले, या ना, मिसेस कीली, या. खुर्ची आणा रे कोणीतरी. कोणीच हललं नाही असं नाही. ब्रोडी उठला, त्याने स्वतःची खुर्ची पुढे केली. चांगला मुलगा आहे.

मी म्हटलं, बसत नाही, छाती अजून बरी नाही. सहज डोकावले. चालू द्या.

दार ओढून घेतलं. जिना अर्धा उतरेपर्यंत वर काही आवाज नव्हता. मग सुरू झाला.

१ फेब्रुवारी, संध्याकाळ
किटली नव्हती. चूल आधीच काढून बोटीत टाकली होती, वजन होतं म्हणून. अ‍ॅकॉर्डियन नव्हता. घरात कोणालाच बसू दिलं नव्हतं. घर एकटंच आलं, आमच्या बोटीमागे दोराने ओढलेलं.

आई घराकडे पाठ करून बसली होती. तिने पुऱ्या खाडीत वळून पाहिलं नाही. मी बघत होते. पडदे काढायचे राहून गेले होते, वरच्या खिडकीतला एक वाऱ्याने हलत होता. मला वाटलं, आत कोणी तरी आहे, आपण त्याला विसरून आलो. मी ओरडले, कोणी राहिलंय आत, कोणी राहिलंय. बाबा दोर सांभाळत होते. कोणी ऐकलं नाही. घर एका बाजूला कललं, पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, परत सरळ झालं. मी किनारा येईपर्यंत त्या खिडकीवरची नजर काढली नाही.

सहा वाजता लॉरेटा आली, दार न वाजवता. बराच वेळ कोट काढला नाही. मग म्हणाली, वहिनी, मला पुढच्या शुक्रवारी परत बोलावलंय. मुलं विचारत होती, घर कुठल्या बाजूला कललं होतं, आणि तेव्हा आतून आवाज कसला आला. मला काही सुचेना, थाप मारायला तरी काहीतरी पाहिजे. तुम्ही मोठ्या होतात ना, तुम्हाला आठवत असेल.

मी चहात डब्यातलं दूध घातलं, तिच्यापुढे ठेवलं.

आठवत नाही, म्हटलं.